कडेवरची शाळा

मंडळी, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला कधी जाणं झालं असेल तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेल. सहा-सात वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. हिची कंबर मोडेल की काय असं आपल्याला वाटतं. ती मात्र तशीच पाण्यावर जाते, तशीच दुकानात जाते. खेळायची वेळ आली की पोराला सावलीत ठेवते, एक डाव खेळते आणि परत उचलते. शहरातून आलेले लोक 'अरेरे' म्हणतात आणि पुढे दाभोसा धबधबा बघायला जातात.

गेले काही महिने बालशिक्षणाच्या इतिहासावर थोडंफार वाचन चालू आहे. वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्याकडच्या बालशिक्षणाचा एक मोठा अध्याय या कडेवरच्या पोराभोवतीच फिरतो, आणि तो याच मुलखात घडला. म्हणून हा लेखनप्रपंच. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा!

आधी मुलखाची ओळख. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेकडचे डोंगरी तालुके. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधी हे सगळं ठाणे जिल्ह्यात.) जव्हार म्हणजे मुकणे घराण्याचं जुनं संस्थान, १९४८ साली विलीन झालेलं. या दोन्ही तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पाऊस धो धो, आणि तरी उन्हाळ्यात पाण्याची बोंब. उतारावरच्या जमिनीत भात, नागली, वरई. दिवाळीनंतर शेतं रिकामी झाली की घरंही रिकामी होतात, कारण माणसं 'जगायला' जातात. हा तिथलाच शब्द. भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जायचं, ते पावसाच्या तोंडावर परत यायचं. स्थलांतर वगैरे आपण म्हणतो. ते म्हणतात जगायला जातो.

आता जिथे आई आवणीला वाकलेली, मोहाची फुलं वेचायला गेलेली, नाहीतर भट्टीवर विटा थापत असलेली, तिथे तान्ह्याकडे कोण बघणार? थोरली बहीण. बहीण नसेल तर भाऊ, नाहीतर म्हातारी आजी. म्हणजे पहिली तीन-चार वर्षं त्या पोराचा दिवस जातो तो दुसऱ्या एका पोराबरोबर. कोणाच्या दारात गेलं की काहीतरी खायला मिळतं, कोणता कुत्रा चावरा, कोणत्या काकाला हाक मारायची आणि कोणाच्या वाटेला जायचं नाही, रडून काय मिळतं आणि हसून काय मिळतं, हे सगळं ते ताईच्या कडेवरून बघत असतं.

बसवून शिकवणं असं काही नसतंच. तारप्याच्या नाचाची साखळी बघा. पुढे मोठी माणसं असतात आणि शेवटी शेपटाला लहान पोरं येऊन चिकटतात. पाय चुकतात. कोणी ओरडत नाही, थांबवून दाखवतही नाही. साखळी चालूच राहते आणि चुकणारं पोर तिच्याबरोबर ओढलं जातं. बोहाड्याच्या सोंगांचंही तेच. रात्र रात्र मुखवटे नाचतात, लहानं आईच्या मांडीवरून अर्धवट झोपेत ते बघतात, आणि पुढचे आठ दिवस पाड्यावर पुठ्ठ्याचे बोहाडे चाललेले असतात.

हे सांगायचं कारण असं, की बाहेरून येणाऱ्या शिकवणाऱ्यांची समजूत बहुतेक वेळा उलटी असते. मुलं कोरी आहेत, आपण जाऊन सुरुवात करायची. खरं तर सुरुवात कधीच झालेली असते आणि शिक्षिका सात वर्षांची असते. ज्यांनी हे ओळखलं त्यांची शाळा चालली.

ओळखलं कोणी, त्याची गोष्ट जव्हारचा घाट उतरून, विक्रमगड, कासा करत डहाणूच्या बाजूला गेल्यावर सापडते.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) हे नाव तुम्हाला ठाऊक असेलच. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या 'दक्षिणामूर्ती'त गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरीबाईंचं वाचून वकिली बाजूला ठेवलेला माणूस. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला. काम उत्तम चाललं होतं. पण मुलं कोणाची? पांढरपेशांची. माँटेसरीची साधनं महाग, लाकडी, घोटीव. माँटेसरीबाईंचं स्वतःचं पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत निघालं होतं, आणि आपल्याकडे मात्र त्यांची पद्धत बंगल्यातच अडकून पडली होती.

ताराबाई १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादर सोडून बोर्डीला गेल्या. त्रेपन्नाव्या वर्षी आपल्याकडे लोक निवृत्तीचे हिशेब करतात! सोबतीला अनुताई वाघ (१९१०-१९९२) आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षाच्या आतच वैधव्य, अशी ही मुलगी शिकून पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झाली होती. दोघींनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. काळ कोणता, तेही ध्यानात घ्या. याच १९४५ साली याच भागात वारल्यांचं वेठीविरुद्धचं बंड उभं राहत होतं, गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांवर फिरत होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या पोरांसाठी बालवाडी काढायची त्यांचे आई-बाप या अवस्थेत होते.

बोर्डीला बालवाडी निघाली खरी, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. (का येत नव्हती ते मी सांगायला नको.) तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. कोणाच्या तरी घरापुढचं सारवलेलं अंगण हीच वर्गखोली. आधी मुलांना आंघोळ, नखं, केस, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं म्हणजे खडे, शिंपले, बिया, पानं, माती. हीच ती अंगणवाडी. आज सरकारी पाट्यांवर वाचून आपल्याला या शब्दाचं काहीच वाटत नाही, पण तो मुळात एका नकाराला दिलेलं उत्तर आहे. तुम्ही येत नाही ना, मग आम्ही येतो.

माझ्या मते अंगणाने आणखी एक गोष्ट साधली. बंद खोलीतल्या बालवाडीत तीन ते सहाची मुलं असतात, बाकीची दाराबाहेर. अंगणाला दारच नाही! तिथे पलीकडे आजी धान्य पाखडत असते, थोरली बहीण तान्ह्याला घेऊन कडेला उभी असते, दोन म्हशींकडची पोरं येऊन बघून जातात. शिकवणं एकासाठी चाललेलं असतं आणि शिकत दहा जण असतात.

मग १९५७ साली हे सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, पूर्णपणे आदिवासी वस्तीत. आणि तिथे खरी अडचण समोर आली. पाच-सहा वर्षांनंतरची मुलं, विशेषतः मुली, शाळेत येत नव्हत्या. कारण एकच, घरी तान्हं आहे. मुलगे येत नव्हते, कारण गुरं आहेत. आता सरकारी डोकं असतं तर पालकांची सभा घेऊन शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं असतं. ताराबाई आणि अनुताईंनी वेगळा विचार केला. मुलगी येत नाही कारण तिच्या कडेवर पोर आहे, तर पोरासकट यावं. प्राथमिक शाळेला लागून बालवाडी आणि बालवाडीला लागून पाळणाघर. एकाच जागेत सगळी भावंडं. या रचनेचं नाव विकासवाडी. मुलग्यांचं उत्तर म्हणजे कुरणशाळा. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जायचे. गुरं चरत राहतात, शाळाही चालते.

एरवी शाळा म्हणते, आधी घरची कामं सोड, मग ये. इथे शाळेने मुलीला तिच्या कामासकट आत घेतलं. मधल्या सुट्टीत ती धाकट्याला बघून येऊ शकत होती. धाकटं रडलं तर ताई हाकेच्या अंतरावर. मी कुठे वाचलेलं नाही, पण माझा अंदाज असा की त्या पाळणाघरातली पोरं अनोळखी बाईंकडे लवकर रुळली असतील ती याचमुळे. ओळखीचा चेहरा समोर होता.

आता जरा दूरचं सांगते, कारण त्या काळी या दोघींनी जे करून पाहिलं त्याचा अर्थ लावणारे अभ्यास पुष्कळ नंतर झाले.

लहान मुलाला दुसऱ्याच्या मनातलं कधी कळायला लागतं, हे तपासायची एक साधी परीक्षा आहे. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी ती १९८३ साली मांडली. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं सांगतात, दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट आहे तिथे! आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही, ही गोष्ट साधारण चार-पाचच्या सुमाराला उमगते. १९९४ साली पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की ज्यांना भावंडं जास्त ती मुलं हे उत्तर लवकर देतात. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे तितकंसं ठळक निघालं नाही. पण १९९६ साली क्रीट बेटावर आणि सायप्रसमध्ये एकत्र कुटुंबांतली मुलं तपासली तेव्हा आणखी नेमकं दिसलं. नुसती संख्या नव्हे, तर आपल्यापेक्षा मोठी भावंडं आणि मोठे नातेवाईक रोज भोवती असणं महत्त्वाचं.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे असं आमची ताई म्हणेल. बिस्किटांचा डबा आईने कुठे ठेवलाय, तो आपण काढलाय हे आईला अजून माहीत नाही, आणि ती आल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे सगळं मला तिनेच तर शिकवलं! (ताई, वाचत असशील तर फोन कर.)

दुसरा अभ्यास मेक्सिकोतला. झिनाकांतान गावातल्या माया भावंडांचं अ‍ॅशली मेनार्ड यांनी निरीक्षण केलं, ते २००२ साली प्रसिद्ध झालं. धाकट्याला धुणं, स्वयंपाक असली रोजची कामं शिकवताना मोठी मुलं काय करतात? चारच्या वयाची मुलंही पुढाकार घेतात, आणि आठ वर्षांची होईपर्यंत त्यांना चांगलं शिकवता येतं. काम सोपं करून देणं, हात धरून करवून घेणं, तोंडाने सांगणं, सगळं येतं. म्हणजे धाकट्याला सांभाळताना धाकटंच शिकतं असं नाही. सांभाळणारी मुलगीही दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला शिकत असते. याला काय कळलं नाही, किती कळलं, आता हसवावं की दामटावं... डी.एड.ला आणखी वेगळं काय शिकवतात?

तिसरा अभ्यास मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. २००९ साली मारिसेला कोर्रेआ-चावेझ आणि बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया मुलांची कॅलिफोर्नियातल्या मुलांशी तुलना केली. दोन भावंडं एकत्र बसवली. एकाला खेळणं करायला शिकवलं आणि दुसऱ्याला सांगितलं, तू थांब, तुझी पाळी नंतर, तुझं खेळणं वेगळं. काही दिवसांनी मात्र त्या दुसऱ्यालाच भावंडाचं खेळणं करायला दिलं. पारंपरिक पद्धतीने वाढलेल्या माया मुलांनी आपल्याला न शिकवलेलं सुद्धा लक्ष देऊन बघितलं होतं आणि त्यांना मदत कमी लागली. अमेरिकन मुलं आपली पाळी येईपर्यंत इकडेतिकडे बघत होती. आणि गंमत अशी, की ज्या माया मुलांच्या आया शाळेत जास्त शिकलेल्या होत्या त्यांची ही सवय कमी झालेली दिसली. शाळा एक देते आणि नकळत एक काढून घेते.

मोखाड्यात हाच प्रयोग केला तर असंच निघेल असा माझा दावा नाही. पण तारप्याच्या शेपटाला चिकटलेली पोरं आठवली की अंगणातली शाळा का जमली असेल ते थोडं उमगतं.

आता पुढचा इतिहास. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभर ३३ प्रकल्प, प्रायोगिक. केंद्राचं नाव अंगणवाडी. ताराबाई दोनच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आज देशात तेरा लाखांच्या वर अंगणवाड्या आहेत, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही आहेत. आहार, लसीकरण, वजनं, पूर्वशिक्षण, सगळं एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या जिवावर. त्यांना नावं ठेवायला मी बसलेली नाही, त्या करतात ते कमी नाही. पण योजनेने नाव घेतलं आणि विकासवाडी मागे ठेवली. तीन ते सहाची मुलं सकाळी काही तास येणार, तिथे गरम आहार. तीनच्या आतल्यांना शिधा घरी. शिधा घरी जातो, पण घरी दिवसा असतं कोण? तीच सात वर्षांची मुलगी. तान्ह्याला दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं, मऊ करून भरवायचं असतं. आईला ते ठाऊक असतं, पण आई कामावर. मुलीला खेळवता येतं, रिझवता येतं, चालायला शिकवता येतं. वाटीभर पेज चार तासांनी परत शिजवणं तिच्या हातचं नाही.

अनुताई वारल्या ते साल १९९२. त्याच सुमाराला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेल्याच्या बातम्या आल्या आणि सगळा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, आश्वासनं झाली. २०१६ साली मोखाडा याच कारणाने पुन्हा पहिल्या पानावर आला. कुपोषणाला कारणं अनेक आहेत: रोजगार, पाणी, दवाखाना, लवकरची लग्नं. पण दिवसा तान्ह्याला कोण भरवतं, हा प्रश्न त्या कारणांच्या मधोमध बसलेला आहे, आणि कोसबाडला त्याचं उत्तर पाळणाघराच्या रूपात देऊन झालं होतं.

म्हणून कडेवरच्या पोराचं चित्र मला गोड रंगात रंगवायचं नाही. भावंडांकडून शिकणं खरं, मोलाचं; पण त्याची किंमत एकटी मुलगी मोजते. तिच्यापुढे आज बहुतेक दोनच वाटा आहेत. घरी राहायचं, धाकटं सांभाळायचं, जगायला गेलेल्या आईबरोबर भट्टीवर जायचं आणि शाळा सोडायची. किंवा आश्रमशाळेत जायचं. तिथे जेवण आहे, पुस्तकं आहेत, मी तिचं महत्त्व अजिबात कमी करत नाही. पण तिथे पहिलीपासून, सहाव्या वर्षी, पोर घरापासून तुटतं. शिकवणारं गेलं आणि शिकणारं मागे राहिलं.

कोसबाड ही तिसरी वाट होती. तशी वाट नंतरही काहींनी काढली. वसईच्या बाजूला विधायक संसदेने १९९०च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. पुन्हा तेच सूत्र, मूल जिथे आहे तिथे शाळा. वाड्याच्या सोनाळ्याहून निलेश निमकर आणि त्यांची 'क्वेस्ट' ही संस्था २००७ पासून अंगणवाड्या आणि आश्रमशाळांतल्या शिक्षणावर काम करते आहे. आणि २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय झाली आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच टप्पा मानला आहे. कागदावर बघितलं तर पाळणाघर, बालवाडी आणि पहिली-दुसरी पुन्हा एकमेकांच्या जवळ यायला लागली आहेत. कोसबाडनंतर साठेक वर्षांनी! उशीर झाला म्हणून कपाळाला हात लावावा की आली म्हणून बरं वाटून घ्यावं, तुम्ही ठरवा. मला निम्मं निम्मं वाटतं.

एक मात्र वाटतं. या योजना पाड्यावर येतील तेव्हा पाळणाघर कुठे बांधायचं हे ठरवणाऱ्याने शाळेच्या आवाराचा नकाशा जवळ ठेवावा. पाळणाघर एका टोकाला आणि शाळा दोन किलोमीटरवर असं झालं तर हिशेब पुन्हा त्या मुलीच्या अंगावर येईल. हाकेच्या अंतरावर झालं तर दोन्ही भावंडं शिकतील, आणि एकमेकांकडून शिकायचंही राहणार नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कोणी कोसबाडला बालसेविकेचं प्रशिक्षण घेतलं असेल, किंवा घरातल्या कोणी घेतलं असेल, तर त्यांना विचारून ठेवा. त्या पिढीच्या बायका आता थोड्याच राहिल्या आहेत, आणि पाळणाघरात रोज सकाळी नक्की काय काय चालायचं हे पुस्तकांत फारसं सापडत नाही. त्यांनी सांगितलं तर मला जरूर कळवा, मी लिहून ठेवीन.